आधी दिसू दे, नाव मागून

पहिल्याच आठवड्यात ‘सैराट’ लावू नकोस बाई. मुलं खूश होतील, मागच्या बाकावरची उठून नाचतील, शिट्ट्या वाजतील आणि तास संपल्यावर तुझ्या हाती समाजशास्त्राचं काहीच उरणार नाही. तो सिनेमा त्यांना तोंडपाठ आहे. जे तोंडपाठ असतं ते दिसेनासं होतं, आणि आपला विषय तर रोज डोळ्यांसमोर असलेलं दिसायला लावण्याचा. ‘सैराट’ लावायचाच, पण दिवाळीनंतर. तोवर वर्गाला बघायची सवय लागू दे.

तासिका तत्त्वावर का होईना, तुला वाघोलीत वर्ग मिळाला, याचा मला फार आनंद झाला. तू फोनवर म्हणालीस, “ताई, व्याख्या सांगायला लागले की मुलं खिडकीबाहेर बघतात, म्हणून सिनेमा दाखवावा म्हणते.” विचार चांगला आहे. फक्त मुलांना जागं ठेवायला म्हणून सिनेमा आणू नकोस. जात, पैसा, बाईचं वागणं यांवर मुलं एकमेकांसमोर सरळ बोलत नाहीत. शेजारी कोण बसलंय याचा अंदाज घेऊन जीभ आवरतात. ‘फँड्री’तल्या जब्याबद्दल, ‘सैराट’मधल्या आर्चीबद्दल मात्र भरभरून बोलतात. त्या आडोशानं बोलता बोलता ती स्वतःच्या घरापर्यंत येतात. तेवढा वेळ त्यांना मिळायला हवा, आणि तेवढा वेळ तुला संकल्पनेचं नाव ओठांवर अडवून धरता यायला हवं. मला तुला मुख्य सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळं त्याच्याच पोटातलं.

आणि ती मुलं खिडकीबाहेर बघतात म्हणून रागावू नकोस. तूही एकदा बघ. खराडीच्या काचेच्या इमारती मागे टाकून नगर रस्त्यानं आलं की वाघोली लागते. ३० जून २०२१ ला जी तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली त्यांतलं हे एक. वाघेश्वराचं देऊळ आणि जुनं गावठाण एकीकडे, टोलेजंग सोसायट्या दुसरीकडे, आणि मध्ये दगडखाणी नि क्रशर. या खाणींवरच्या कामगारांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेनं पाषाण शाळा चालवल्या. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं तिकडची शेकडो मुलं शिकायला पुण्यात आणली, त्यातूनच वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन संकुल उभं राहिलं. तुझ्या वर्गात एकाच बाकावर बसलेल्या तिघांचे बाप एकाच इमारतीशी तीन वेगळ्या नात्यांनी बांधलेले असू शकतात. एकानं तिच्यासाठी जमीन विकली, एकानं तिचा दगड फोडला, एक तिच्या गेटवर रात्रपाळीला बसतो. सामाजिक स्तरीकरणाचा धडा तुझ्यासमोर हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणतो.

सुरुवात ‘फँड्री’नं कर. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०१४ साली चित्रपटगृहात लागला. अख्खा सिनेमा दाखवू नकोस, शेवटाकडचा डुक्कर पकडण्याचा प्रसंग घे, सात-आठ मिनिटांचा. आधी फळ्यावर काही लिहू नकोस. ‘आज आपण दर्जा आणि भूमिका बघणार आहोत’ असं म्हणालीस की मुलं पडद्यावर तेवढंच शोधतात आणि सापडलं की बघायचं थांबतात. प्रसंग दाखव, दिवे लाव, प्रत्येकाला कागद दे आणि एकच प्रश्न विचार: काय दिसलं? ‘काय वाटलं’ हा प्रश्न पहिली दहा मिनिटं वर्गात येऊच देऊ नकोस. ‘वाईट वाटलं मॅडम’ असं एकानं म्हटलं की बाकीचे माना डोलावतात आणि बोलणं तिथंच बसतं. दिसलं काय, म्हणजे कोण कुठं उभं होतं, कोण वर होतं, कोण खाली, कोण हसत होतं, कोणाला नावानं हाक मारली आणि कोणाला जातीवरून. हे लिहिताना मुलांचे हात थबकतील. थबकू दे.

मग पुन्हा तोच प्रसंग लाव. डुक्कर अगदी हाताशी आलेलं असतं आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. बाप, आई, बहिणी, सगळं घर थांबतं. डुक्कर निसटून जातं. राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात. तेवढा वेळ ते घर आणि त्यांना हसणारं गाव एकाच नियमाखाली, एकाच पवित्र्यात उभं असतं. गीत संपतं, आणि प्रत्येकजण आपापल्या ‘जागेवर’ परत जातो. वर्गाला विचार, की उभं राहायला जब्याला कोणी शिकवलं? शाळेनं, असं उत्तर लगेच येईल. मग विचार, की डुक्कर या घरानंच पकडायचं, हे गावाला कोणी शिकवलं? इथं वर्ग गप्प होतो. ती शांतता मोडायची घाई करू नकोस, लगेच स्वतः बोलायला लागू नकोस. कुणीतरी म्हणेल, ‘कोणीच नाही मॅडम, ते असतंच.’ आता फळ्याकडे वळ आणि लिही: सामाजीकरण, सामाजिक नियमन, अर्पित (म्हणजे जन्मानं मिळालेला) दर्जा. मुलांनी वस्तू आधी पाहिलेली असते, तू फक्त तिचं नाव सांगतेस. असं कळलेलं नाव परीक्षेपर्यंत टिकतं आणि परीक्षेनंतरही.

त्याच सिनेमात जब्या तोंडाला पावडर लावतो, नाक सरळ व्हावं म्हणून नाकाला चिमटा लावतो. चार्ल्स कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९०२ साली मांडलेली ‘आरशातला स्व’ ही कल्पना याहून स्वच्छ मला कुठं दिसलेली नाही. दुसरे आपल्याला कसं बघत असतील, याची आपणच मनात जुळवणी करतो आणि त्यावरून स्वतःचा अभिमान किंवा लाज ठरवतो. गोरं करणाऱ्या क्रीमपासून रीलवरच्या फिल्टरपर्यंत मुलं मग स्वतःच बोलायला लागतात. इथं तुला फार काही करावं लागणार नाही.

आता काळजीची गोष्ट. ‘फँड्री’तलं घर कैकाडी समाजाचं आहे. तुझ्या वर्गात कैकाडी, वडार, पारधी घरातलं मूल असणारच. मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. वाघोलीच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारी अनेक घरं त्याच समाजातली. हा प्रसंग सुरू झाला की काही माना हळूच वळतात, त्या एका मुलाकडे. त्या वेळी तुझी नजर चुकूनसुद्धा तिकडे जाता कामा नये. ‘तुमच्यात असंच असतं का रे?’ हा प्रश्न कितीही मायेनं विचारलास तरी त्या पोराला तो शेवटपर्यंत बोचत राहील. त्याला साक्षीदार करू नकोस, नमुना तर मुळीच नको. आदल्या दिवशी सगळ्या वर्गाला सांग, की उद्या जातीवरून होणाऱ्या अपमानाचा प्रसंग दाखवणार आहे, कुणाला बघायचा नसेल तर वाचनालयात बसा, हजेरी लागेल. कागदावर नाव लिहायची सक्ती करू नकोस. ज्याला बोलायचंय तो बोलेल. कधी कधी ज्याच्याबद्दल तुला काळजी वाटते तेच मूल सगळ्यांत रोखठोक बोलतं, पण ते त्यानं ठरवायचं.

आणि हसू येईल, हे धरून चाल. डुकरामागची पळापळ बघून दोन-चार मुलं हसतातच. ओरडू नकोस. सिनेमा थांबव, तोच भाग परत लाव आणि म्हण, आता डुकराकडे बघू नका, पडद्यावर कोण कोण हसतंय तेवढं बघा. गावातले मोठे हसतात, शाळेतली पोरं हसतात, जब्याला जी आवडते ती शालूही हसते. वर्गातलं हसू आपोआप ओसरतं. दिग्दर्शकानं शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेनं का भिरकावला असेल, याचं उत्तर मग तुला सांगावं लागत नाही.

वर्गाला एक बारीक गोष्ट जरूर सांग. कैकाडी समाज विदर्भातल्या जुन्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. माणसं तीच, पण जिल्हा बदलला की सरकारी दाखल्यावरचा प्रवर्ग बदलतो. जात ही निसर्गाची नसून समाजानं आणि राज्यसंस्थेनं आखलेली रेघ आहे, हे मुलांना यातून जितकं पटतं तितकं कुठल्याही व्याख्येतून पटत नाही.

‘मुळशी पॅटर्न’ची मागणी तुझ्याकडे पहिल्याच दिवशी येईल, लिहून ठेव. प्रवीण तरडे यांचा २०१८चा सिनेमा. पुण्याच्या कडेची जमीन विकली जाते, पैसा उडतो आणि पोरगा गुन्हेगारीत शिरतो. वाघोलीच्या मुलांना तो स्वतःचा वाटतो, आणि त्यात नवल नाही. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली मांडलेला विचलनाचा सिद्धान्त इथं सहज बसतो. समाज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच ध्येय ठेवतो, गाडी, बंगला, मान. ते गाठायच्या सरळ वाटा मात्र सगळ्यांना देत नाही. मग काहीजण ध्येय धरून ठेवतात आणि वाट बदलतात. पण इथं सावध राहा. या सिनेमातल्या रुबाबावर मुलांचा जीव जडलेला असतो, संवाद पाठ असतात. म्हणून पडद्यावर जे नाही तिकडे त्यांना वळव. जमीन विकलेली किती घरं गुन्हेगारीत गेली नाहीत? ज्यांच्याकडे विकायला जमीनच नव्हती, त्यांची गोष्ट कोणाच्या सिनेमात आहे?

आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न: जमीन विकताना सह्या कोणाच्या होत्या? महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला, केंद्रानं २००५ साली. कायद्यानं बहीण वाटेकरी आहे. तरी या पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आला तशी हक्कसोडपत्रं झाली. भाऊ माहेर तोडेल या भीतीनं, किंवा भावावरच्या मायेनं, बहिणींनी सह्या केल्या. हा शब्द फळ्यावर लिही, ‘हक्कसोड’, आणि मुलींकडे न बघता सगळ्या वर्गाला विचार, की घरात कोणी केलं आहे का. एरवी तोंड न उघडणाऱ्या पोरी बोलतील. आत्यानं केलं, आईनं केलं, आजीचा अंगठा घेतला. कुटुंबसंस्था, पितृसत्ता, मालमत्ता, असे तीन धडे एका दुपारी एकत्र येतात. एखादा मुलगा म्हणेल, ‘मग आत्याला माहेरपण कोण करणार?’ त्याला गप्प करू नकोस. नातं आणि वाटा यांची ही अदलाबदल त्याच्या तोंडून बाहेर पडली, म्हणजे वर्ग अगदी योग्य जागी पोचला.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मात्र धीरानं दाखव. कॅमेरा एका जागी बराच वेळ थांबतो, मुलं चुळबुळ करतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार वगैरे सांगून त्यांच्यावर दडपण आणू नकोस. दोन वकिलांचे दोन छोटे प्रसंग निवड. बचावाचा वकील मोठ्या दुकानात शिरून वाईन आणि चीज घेतो. सरकारी वकील बाई लोकलनं घरी येते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. कोर्टात दोघांचा काळा कोट सारखाच. मुलांना दोघांच्या पिशव्यांतल्या वस्तूंची यादी करायला सांग, कोण कोणत्या भाषेत बोलतं ते लिहायला सांग. पिएर बोर्द्यू यांचं ‘सांस्कृतिक भांडवल’ त्या यादीतच असतं. ही मुलं खराडीत मुलाखतीला जातात तेव्हा त्यांना नेमकं काय कमी पडल्यासारखं वाटतं, ते त्यांना शब्दांत सांगता येत नाही. बोर्द्यूमुळे ते सांगता येतं, आणि आपल्यात काही खोट आहे असं वाटायचं थांबतं. हे समाधान तू डोळ्यांनी बघशील तेव्हा मला फोन कर.

त्याच सिनेमात गटारात मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष आहे. एका शाहिराच्या गाण्यामुळे त्यानं आत्महत्या केली, असा सरकारचा दावा. ती बाई शांतपणे सांगते, की त्याला सुरक्षेचं साधन दिलेलंच नव्हतं, खाली उतरण्याआधी तो खडा टाकून झुरळ बाहेर येतंय का ते बघायचा, म्हणजे आत श्वास घेता येईल की नाही ते कळायचं. एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्येवर पुस्तक लिहिलं ते हेच दाखवायला, की सर्वांत खासगी वाटणाऱ्या मरणामागेही समाजाची घडण असते. तो तास हळू घे. त्या साक्षीनंतर लगेच व्याख्या सांगू नकोस, दुसऱ्या दिवशी सांग.

जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ १९८२चा. महिलाश्रमाची अधीक्षिका, सून, बायको, आई, सगळं एका स्मिता पाटीलमध्ये. भूमिका संघर्षासाठी उत्तम, आणि तो आश्रम बघताना गॉफमन यांची ‘संपूर्ण संस्था’ ही कल्पनाही हाताशी येते. वसतिगृहात वाढलेली मुलं ती चटकन ओळखतात. प्रभातचा १९३७चा ‘कुंकू’ही कधीतरी घे. म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न नीरा मानत नाही, हे बघून मुली चकित होतात, एवढ्या जुन्या काळी? जमलं तर वर्गाला पुण्यात घेऊन जा. प्रभातचा स्टुडिओ होता तिथंच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. सिनेमा हे माणसांनी, पैशानं, यंत्रांनी बनवलेलं काम आहे हे तिथं कळतं. पडद्यावरचं सगळं खरं मानण्याची खोड थोडी कमी होते.

मग दिवाळीनंतर ‘सैराट’. गाणी सोड. वर्गातला तो प्रसंग घे. सर शिकवत असतात, फोनवर बोलणाऱ्या प्रिन्सला, म्हणजे आर्चीच्या भावाला, हटकतात आणि तो सरांच्या कानाखाली मारतो. मुलांनी हा सिनेमा कितीदा तरी पाहिलेला असतो, पण या थपडेकडे नीट बघितलेलं नसतं. सर शिकलेले, पगारी, वयानं मोठे. प्रिन्स विद्यार्थी. मग हात कोणाचा उठला आणि कोणाच्या जिवावर? कमावलेला म्हणजे अर्जित दर्जा आणि अर्पित दर्जा समोरासमोर उभे राहिले की काय होतं, ते तिथं दिसतं. एम. एन. श्रीनिवास यांची ‘प्रभुत्वशाली जात’ही तिथंच समजावून दे, जमीन, संख्या आणि सत्ता यांची बेरीज.

त्यानंतर बाबासाहेबांकडे ये. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या आंबेडकरांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जातीचं मर्म त्यांनी अंतर्विवाहात शोधलं, जातीच्या आतच लग्न करण्याच्या सक्तीत. ही सक्ती टिकवायची तर बाईवर ताबा हवाच, म्हणून बालविवाह, सक्तीचं वैधव्य आणि सती, असा त्यांचा युक्तिवाद. ‘सैराट’ लागला २९ एप्रिल २०१६ला. मध्ये जवळजवळ बरोबर शंभर वर्षं. आर्चीला ट्रॅक्टर चालवायची, बुलेट उडवायची मोकळीक होती. मोकळीक कुठं संपली ते मुलांना शोधायला सांग. आणि गृहपाठ दे, घरातल्या लग्नपत्रिका काढून दोन्हीकडची आडनावं लिहून आणा. कोणाची पत्रिका वर्गात वाचून दाखवू नकोस, फक्त वर्गाला विचार, किती पत्रिकांत जात ओलांडलेली दिसली.

या तासानंतर एखादी मुलगी तुझ्यामागून जिन्यापर्यंत येईल. ‘मॅडम, एक विचारायचं होतं.’ त्या दिवसासाठी तयार राहा. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस असते, आणि पळून जाणाऱ्या जोडप्याला हे तीस दिवस फार जड जातात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली शक्तिवाहिनी खटल्यात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष नेमायला सांगितलं आहे. पोलिसांची मदत ११२ वर मिळते. तू तिला पळ म्हणू नकोस, घरी जा असंही दटावू नकोस. ऐकून घे, माहिती दे, आणि तिचं गुपित शिक्षकांच्या खोलीत नेऊ नकोस. आपण वर्गात एखादं दार उघडलं, तर त्यातून येणाऱ्याला उभं राहायला जागाही आपणच द्यायची.

थोडं व्यवहाराचं सांगते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेला फक्त शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांपुरता सिनेमा दाखवायची सवलत आहे, तेव्हा प्राचार्यांनी विचारलं तर घाबरू नकोस. पण टेलिग्रामवरून उतरवलेली चोरीची प्रत वर्गात लावू नकोस. प्रसंग किती मिनिटाला सुरू होतो ते आधी वहीत टिपून ठेव, शोधण्यात तास जातो. प्रोजेक्टर असतो पण आवाज नसतो, म्हणून छोटा स्पीकर पर्समध्येच ठेव.

आणि पेपरात जब्या विचारत नाहीत, संकल्पना विचारतात. म्हणून प्रत्येक सिनेमानंतर एक तास निव्वळ लिहिण्याचा ठेव: व्याख्या, कोणी मांडली, कधी मांडली, मग सिनेमातलं एक उदाहरण आणि वाघोलीतलं एक. वाघोलीतलं उदाहरण लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण धरू नकोस. तीन-चार कागद मला पाठव. पुढच्या वेळी कुठला प्रसंग घ्यायचा, ते त्यावरूनच ठरवू. रात्री नऊनंतर मी मोकळी असते.